एकशे सात नंबरची लहर

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या. काही मुलांना ठाऊक आहेत, काही त्यांच्या वडिलांनाही कधी कळल्या नाहीत. पण सगळ्यांत मूर्ख चूक कोणती, असं विचारलंत तर मी एका साडीचा नंबर सांगेन. एकशे सात. पिस्ता रंगाची, साधी, कोरी ऑर्गंझा, काठाला बोटभर जर. ती साडी मी स्वतः घडीतून काढली, झटकली, तोंडात टाचण्या धरून तिच्या निऱ्या घातल्या, एका मुलीला नेसवली आणि खांद्यावर पदर बसवला. पाऊण तास ती माझ्या हातांत होती. आणि त्याच संध्याकाळी कॅटलॉगची यादी करताना तिच्यापुढे मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘लहरिया’.

साडीवर लहर नव्हती. ठिपकासुद्धा नव्हता. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर लहर दिसत होती, आणि मी माझ्या दहा बोटांपेक्षा पडद्यावर विश्वास ठेवला.

ही गोष्ट सुरतेतली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चाळिशी ओलांडली होती, केस नुकतेच खांद्यापर्यंत कापले होते, आणि तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून त्याचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये घालून बैठकीत लावलं होतं. त्यासाठी आमच्या ह्यांचं बँकेतलं मानपत्र जरा बाजूला सरकवावं लागलं. एवढं सांगितलं की बाईची कल्पना तुम्हाला यावी.

आता मास्टरांकडे वळते, कारण मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंग जुळवणाऱ्या माणसाला सुरतेत मास्टर म्हणतात. आमचे मास्टर मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी पलसाण्याला हायवेवरच्या एका कारखान्यात लागले, पंधरा वर्षं रंगाच्या वाफेत उभे राहिले, आणि मग एक दिवस नोकरी सोडून साड्यांचे फोटो काढायला लागले. का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मी रंगवलेली साडी कॅटलॉगमध्ये बघितली. मलाच ओळखू येईना. म्हटलं, हे काम आपणच करायला पाहिजे." नाव मास्टरच राहिलं. त्यांची बायकोही त्यांना मास्टरच म्हणायची.

रिंग रोडपासून आत, दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ होता. मी तिथे साड्या नेसवायची आणि कॅटलॉगच्या याद्या करायची. पहिल्या दिवशी मी राणी रंगाची रेशमी साडी नेसून गेले होते. मास्टर दारातच थबकले आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मी मनात म्हटलं, बरं आहे, अजून आपल्यात काहीतरी आहे म्हणायचं. मास्टर म्हणाले, "वहिनी, तिथून सरका. भिंत गुलाबी होतेय." मग त्यांनी कपाटातून एक राखाडी चादर काढून माझ्या अंगावर पांघरली आणि दिवसभर मला तशीच ठेवली. मे महिना होता. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण पंखा लावायची सोय नाही, कारण पंख्यानं पदर हलतो.

तो स्टुडिओ सगळाच राखाडी होता. भिंती, पडदे, स्टुलं, मास्टरांचे शर्ट, पँट, चपलासुद्धा. रंगीत वस्तूचा रंग शेजारच्या कापडावर पडतो आणि फोटोत उतरतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं, पण मास्टर ते पार टोकाला नेत. घरी त्यांनी टीव्ही काळा-पांढराच ठेवला होता. मास्टरीणबाई माझ्याजवळ कुरकुरायच्या, "शेजारी सगळे रंगीत बघतात, आणि आमच्याकडे नवरीसुद्धा काळी साडी नेसून लग्नाला उभी!" रंगीत टीव्हीवरचा लाल बघितला की दोन दिवस डोळा बिघडतो, हे मास्टरांचं उत्तर.

रंग ठरवायची वेळ सकाळी दहाची. उत्तरेच्या खिडकीशी उभे राहायचे, डोळे मिटायचे, मनात शंभर आकडे मोजायचे, मग उघडून कापडाकडे एकदाच बघायचे. दुसऱ्यांदा बघायचं नाही. दुसऱ्यांदा बघितलं की डोळा आपल्या मनासारखं सांगतो म्हणे. व्यापारी रंगांची नावं घेत, राणी, गाजरी, चिकू, रामा; त्यानं मास्टरांचं समाधान होत नसे. "रामा म्हणजे कोणता? तव्यावर टाकायच्या आधीची भेंडी की नंतरची?" व्यापारी गोंधळायचा. त्याला भेंडीशी काय देणंघेणं? पण मास्टर उत्तर घेतल्याशिवाय दिवा लावत नसत.

माणसांनाही ते रंगासारखेच जोखायचे. आमच्या घरमालकाला बघून म्हणाले, "चांगला आहे, जरा पिवळ्याकडे झुकलाय." आमच्या ह्यांच्याबद्दल म्हणाले, "साहेब पक्का रंग. धुतला तरी जायचा नाही." मी लाडात येऊन विचारलं, "आणि मी हो, मास्टर?" कापडाचा रंग ओला असताना कधी कळत नाही, सुकल्यावरच बघायचा असतो. मास्टर म्हणाले, "अजून ओलं आहे. सुकल्यावर सांगतो."

मी त्यांच्याकडे, स्टुडिओ बंद होईपर्यंत, अकरा वर्षं होते. त्यांनी काही सांगितलं नाही.

तर, डिजिटल बॅक. तेव्हा घराघरांत असायचे त्या कॅमेऱ्यांपेक्षा मास्टरांचा कॅमेरा मोठा होता, विटेएवढा जाड. त्याची मागची बाजू, म्हणजे बॅक, निघायची. तिच्यात फिल्मचा रोल असायचा. फोटो काढला की रोल मुंबईला धुवायला जायचा आणि तिसऱ्या दिवशी परत यायचा. तेवढ्यात साडी व्यापाऱ्याकडे गेलेली, नेसवलेली मुलगी घरी गेलेली, आणि फोटोत पदराला सुरकुती असली तर सगळं पुन्हा. मग बातमी आली की कॅमेरा तोच ठेवायचा, फक्त फिल्मची बॅक काढून तिथे डिजिटल बॅक लावायची. तिची वायर कॉम्प्युटरला. फोटो तिथल्या तिथे पडद्यावर. किंमत मात्र उधन्याला दोन खोल्यांचा फ्लॅट यावा एवढी. म्हणजे एकदाच घ्यायची, आणि चुकलं तर मास्टर बुडाले.

घाई मास्टरांना नव्हती, सेठना होती. हे सेठ आमचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक. स्टुडिओचं निम्मं काम त्यांचं. एका दुसऱ्या स्टुडिओनं सकाळी फोटो, संध्याकाळी कॅटलॉग सुरू केलं होतं. सेठ जिना चढून आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मास्टर, दिवाळी सुधी डिजिटल करी नाखो. नहि तो हुं बीजे जईश." दिवाळीपर्यंत करा, नाहीतर मी दुसरीकडे चाललो. सेठ गेले आणि मास्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "सेठ आज जास्त तापलेत. तापल्यावर रंग बघायचा नसतो."

आणि त्यांनी आठ महिने लावले.

मुंबईहून विक्रेते यायचे, टाय लावून, सुरतेच्या उकाड्यात. ब्रीफकेस उघडून आकडे सांगायला लागले की मास्टर त्यांच्यापुढे एक कापडी बटवा रिकामा करायचे. त्यात बावीस चिंध्या होत्या, पलसाण्याच्या दिवसांपासून जमवलेल्या. प्रत्येक चिंधी अशी की फिल्म तिच्याबद्दल खोटं बोलायची. एक जांभळी होती, ती फोटोत हमखास गुलाबी यायची. एक काळी होती, तिचा एका यंत्रानं चक्क मरून रंग करून दाखवला. "ह्यांचा फोटो काढा," मास्टर म्हणायचे, "मग आकडे बोलू." मी मागे उभी राहून, कोर्समध्ये ऐकलेले दोन-चार शब्द मध्येच टाकायची. विक्रेते आदरानं माझ्याकडे बघायचे. मास्टर बघायचे नाहीत.

पहिली बॅक आली ती फोटो काढत नव्हती, वाचत होती. वरून खाली, एकेक ओळ, चार मिनिटं. मुलीनं चार मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहायचं. ती बिचारी राहिली, पण तिसऱ्या मिनिटाला शिंकली. फोटोत कपाळ झकास, डोळे झकास, आणि नाकाच्या जागी जिना. मास्टर तो फोटो बराच वेळ बघत राहिले आणि विक्रेत्याला म्हणाले, "साडीचा रंग मात्र बरोबर आहे हं." त्यांना नाकाचं काहीच वाटलं नव्हतं. सेठना वाटलं असतं.

दुसऱ्या जातीची बॅक तीन फोटो काढायची. आधी लाल काचेतून, मग हिरव्या, मग निळ्या, आणि तिन्ही एकत्र करायची. टक्, टक्, टक्. बटव्यातल्या बावीसपैकी वीस चिंध्या तिनं खऱ्या दाखवल्या. मास्टरांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा प्रथम रंग चढलेला बघितला. पण तीन टकांच्या मध्ये माणूस जरासा जरी हलला तरी कडेला लाल-हिरव्या रेघा. म्हणजे जिवंत मुलगी बाद. आणि सेठना मुलगी हसत, वळत, पदर उडवत हवी होती.

तिसरी एका टकात फोटो काढायची. मुलगी उड्या मारू दे. ती बॅक विक्रेत्यानं आठवडाभर वापरून बघायला ठेवली, आणि नेमकं अमळनेरला मास्टरांचे चुलते गेले. निघताना मास्टर मला बजावून गेले, "वहिनी, तीन दिवसांत येतो. ह्या बॅकची मी अजून परीक्षा घेतलेली नाही. काम आलंच तर फिल्मवर काढा. हिला नाही."

दुसऱ्या दिवशी सेठचा माणूस बारा साड्या घेऊन हजर. संध्याकाळी कॅटलॉग छापायला जाणार, परवा बाहेरगावचे आडतिये, म्हणजे माल उचलणारे दलाल, येणार. फिल्मवर काढलं तर वेळेत होणं शक्यच नव्हतं. त्याला सरळ सांगायचं होतं की मास्टर नाहीत, नंतर या. मी म्हटलं, "ठेवा. संध्याकाळी सीडी देते."

आज मला त्या बाईला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. राखाडी एप्रन घालून काय चालत होती! दिव्यांच्या जागा जमिनीवर खडूनं आखलेल्याच होत्या. मी मुलीला नेसवायची, पळत कॅमेऱ्याकडे यायची, टक् करायची, पळत कॉम्प्युटरकडे जायची. अकरा साड्या छापील होत्या, त्या सुरेख आल्या. बारावी एकशे सात. पडद्यावर उघडली आणि मी खुर्चीतून उठलेच. पिस्त्यावर मऊ गुलाबी आणि हिरवट लाटा, पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा तशा, खांद्यापासून निऱ्यांपर्यंत वळत गेलेल्या. मुलीला म्हटलं, "बघ! फिल्मला हे कधी दिसलंच नव्हतं!" मुलगी म्हणाली, "पण मॅडम, साडी तर प्लेन आहे." मी तिला समजावलं, "अगं, आपल्या डोळ्यांना प्लेन वाटते. मशीनला जास्त कळतं."

हे मी बोलले. शब्दशः.

मास्टर चौथ्या दिवशी दुपारी आले, डोक्याचे केस काढलेले. तोवर कॅटलॉग छापून मार्केटभर वाटून झालं होतं. मी ते अभिमानानं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी खिडकीशी जाऊन डोळे मिटले, शंभर मोजले, उघडले. मग मास्टर, जे माझ्याशी नेहमी शुद्ध मराठी बोलायची खटपट करायचे, ते एकदम घरच्या अहिराणीत म्हणाले, "हाई काय शे?"

"लहरिया," मी म्हटलं.

मास्टरांनी कपाटातून ऑर्गंझाचे दोन कोरे तुकडे काढले, टेबलावर एकावर एक ठेवले आणि वरचा किंचित तिरका केला. दोन साध्या तुकड्यांच्या मधून लाटा उठल्या. तिरका केला की लाटा, सरळ केला की गायब. "ह्यात नाही, त्यातही नाही," मास्टर म्हणाले. "दोन बारीक जाळ्या एकमेकींवर आल्या की असं दिसतं. कापडाची एक जाळी, बॅकच्या आतली दुसरी. मच्छरदाणी दुहेरी झाली की बघा." मी आयुष्यभर मच्छरदाणीत झोपत आले होते.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. मी तयारीत होते, डोळ्यांत पाणीसुद्धा आणून ठेवलं होतं. मास्टर फक्त म्हणाले, "चपला घाला. सेठकडे जायचंय."

सेठची पेढी मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर. पांढरी गादी, तक्के, आणि गादीवर कॅटलॉग उघडं, एकशे सातचं पान. मास्टर गुजरातीत बोलले; मी मराठीत सांगते.

"सेठ, ही लहर कापडावर नाही. फोटोत आलीय. चूक माझ्या स्टुडिओची आहे. सगळ्यांना कळवा, साडी साधी आहे म्हणून. कॅटलॉग मी परत छापून देतो."

माझं नावही घेतलं नाही. मी कोपऱ्यात उभी राहून स्वतःच्या चपला बघत होते.

सेठ हसायलाच लागले. "अरे मास्टर! पाटण्याला एकशे सात पाहिजे, इंदोरला एकशे सात पाहिजे. बाकीच्या अकरांना कोणी विचारत नाही. कळवू कशाला? लोकांना लहर पाहिजे, लहर छापून टाकू. पलसाण्याला छपाईची स्क्रीन करायला पण सांगितलं."

"म्हणजे फोटो कापडासारखा आला नाही, म्हणून कापड फोटोसारखं करायचं?"

"एमां खोटुं शुं छे?" त्यात चुकीचं काय, म्हणे.

"सेठ, आज लहर आली. उद्या हे यंत्र राणीचा गाजरी दाखवेल."

"तो गाजरी रंगी नाखीशुं!" सेठ म्हणाले. मग गाजरीच रंगवू.

सेठनी तक्क्यावरून पुढे होऊन मास्टरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मास्टर, डोकं चालवू नका. हीच बॅक घ्या. वर्षभराचं काम तुमचं. मी दुसरीकडे कुठे जात नाही."

झालं की! मास्टर माफी मागायला गेले होते, आणि आठ महिने जे हातचं जायची धास्ती होती ते काम आपण होऊन मांडीवर येऊन बसलं होतं. "विचार करून सांगतो," एवढंच बोलून ते उठले. खाली लारीवर आम्ही चहा घेतला. मी आता पुन्हा तरारले होते. म्हटलं, "मग मास्टर, प्रश्नच मिटला! हीच घेऊन टाकू या." मास्टरांनी कपातला चहा संपवला, कपाच्या बुडाकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, मी पंधरा वर्षं रंग जुळवला. कापडावर एक, नमुन्याच्या तुकड्यावर एक, असं झालं की सगळा माल परत यायचा. रात्रपाळीची माणसं रडायची. आता कोणी परत पाठवणार नाही म्हणता?"

"नाही पाठवणार," मी म्हटलं.

"मग माझं काय काम?" मास्टर म्हणाले, आणि कप ठेवून चालू लागले.

पाचव्या दिवशी त्यांनी तीन टकांची बॅक मागवली. ती आली त्या सकाळी सगळ्यात आधी एकशे सात, साधी, पिस्ता, टेबलावर अंथरली. टक्, टक्, टक्. पडद्यावर साधी, पिस्ता. मास्टरांनी डोळे मिटून शंभर मोजले, पडदा बघितला, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा शंभर, आणि साडी बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिजवायच्या आधीचा दुधी." त्यांच्या तोंडून ह्यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

सेठ दुसऱ्या स्टुडिओत गेले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघे. मुली यायच्या बंद झाल्या, कारण त्या बॅकपुढे त्यांचा उपयोग नव्हता. दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा एरवी आम्हाला पाणी प्यायला फुरसत नसायची, तेव्हा मास्टर बसून बटव्यातल्या चिंध्यांना इस्त्री करायचे. मास्टरीणबाई डबा घेऊन यायच्या, रिकाम्या टेबलाकडे बघायच्या आणि मला हळूच विचारायच्या, "आज काही आलं का?" मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटायचं. मी एकदा मास्टरांना म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे. मी नोकरी सोडते." ते म्हणाले, "तुम्ही गेल्यावर पदर कोण धरणार?"

कारण मुलींच्या जागी आता मी होते. पदराची घडी टेबलावर नीट पडत नाही, खांदा लागतो. तो माझा. हनुवटीपासून कंबरेपर्यंत फोटो, चेहरा बाहेर. मास्टर म्हणायचे, "वहिनी, श्वास सोडा. आता घेऊ नका." टक्. मी मनात देवाचं नाव. टक्. नाकाला खाज. टक्. "घ्या." कधी हसू यायचं आणि पदराच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवी रेघ. "वहिनी, तुम्ही आतल्या आत हसलात." आतल्या आत हसलेलं फोटोत येतं, हे मला त्या बॅकनं शिकवलं. तसा माझा डावा खांदा बऱ्याच जणांनी बघितलाय. नातीला सांगितलं तर ती म्हणते, "आजी, तू मॉडेल होतीस?" मी हो म्हणते. खांद्यापुरती होतेच.

काम आलं, पण ते साड्यांच्या हसऱ्या कॅटलॉगचं नव्हतं. रंगाच्या कारखान्यांना परगावी, परदेशी पाठवायला शेड कार्डाचे, म्हणजे छटांच्या नमुन्यांचे, फोटो लागत. तिथे रंग एक छटा इकडे-तिकडे झाला की माल परत फिरतो. एक जण आला, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. थोडं होतं, कोरडं होतं, पण मास्टरीणबाईंनी विचारायचं बंद केलं.

आणि एकशे सात? पलसाण्याला स्क्रीन झाली, लहर छापली गेली, आणि ती साडी अशी चालली की विचारू नका. गोडादऱ्याला आमच्या कामवाल्या बाईच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले तर तिथे तीन बायकांच्या अंगावर. माझी चूक नेसून बायका पेढे वाटत होत्या. मी त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसले. त्यांना वाटलं असेल, कोण ही बाई?

पुढच्या वर्षी चांदनी पडव्याला, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरत घारी नावाची तुपाळ मिठाई खाते तेव्हा, सेठ स्वतः जिना चढून वर आले, हातात घारीचा खोका. खोका मास्टरांना दिला आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "बेन," ते म्हणाले, "एक सो सात जेवी बीजी भूल करो ने!" तशी आणखी एक चूक करा ना. मला वाटलं चेष्टा करतात. ती चेष्टा नव्हती. त्यांच्या पेढीवर नवीन डिझाइन काढणारा विभाग होता, तिथे त्यांना मी हवी होते. नवा कॉम्प्युटर, एअरकंडिशन खोली, पाटीवर माझं नाव. "तुमच्या डोळ्यांत काहीतरी आहे, बेन," असंही म्हणाले.

मास्टर पाठमोरे उभे राहून लाल काच पुसत होते.

मी काय केलं असेल? मी केस कानामागे सारले. बोटांनी एप्रनची सुरकुती नीट केली, आणि मोठ्या पदावरची माणसं बोलतात तशा आवाजात म्हणाले, "दोन दिवसांत कळवते." सेठ गेले. मी जरा वेळ खिडकीतून बाहेर बघितलं, मास्टर आपण होऊन काही म्हणतील म्हणून. ते हिरवी काच पुसायला लागले. मनातल्या मनात माझ्या नावाची पाटी लागलीसुद्धा होती. शेवटी मीच म्हटलं, "ऐकलंत ना, मास्टर? काय करू? जाऊ का?"

मास्टरांनी काच ठेवली, खोका उघडला, घारीचा तुकडा मोडून आधी मला दिला, मग स्वतः घेतला. सावकाश खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाले, "जा की, वहिनी. मी कशाला अडवू? पण एक सांगतो. त्या दिवशी तुम्ही मन लावून बरोबर करायला बसला होतात, म्हणून चुकलात. तिथे सेठ तुम्हाला चुकायलाच बसवणार. एक चूक धड जमायची नाही तुम्हाला."